रजिस्टरमध्ये सगळ्यांपुढे एकच ‘डीएम’ : मधुमेहाचा प्रकार गावपातळीवर कसा ओळखावा?

सातपुडा_उपकेंद्र (प्रश्न)

नमस्कार. आदिवासी तालुक्यातल्या उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आमच्या रजिस्टरमध्ये मधुमेहाला ‘डीएम’ (डायबेटिस मेलिटस) असा एकच रकाना आहे आणि त्यातल्या जवळपास सगळ्यांना मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. बहुतेकांना ते लागूही पडतं. खाली दिलेले तिघे मात्र कशातच बसत नाहीत. शुगरचे आकडे सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर.

१) पुरुष, २८ वर्षं, उंची १६२ सेंमी, वजन ४३ किलो (वर्षापूर्वीच्या कार्डावर ५०). उपाशीपोटी २४६, जेवणानंतर ३८८. मेटफॉर्मिन २ ग्रॅम आणि ग्लिमेपिराइड ४ मिग्रॅ तीन महिने झाले चालू. गेल्या आठवड्यात एका खासगी दवाखान्यात त्यात डापाग्लिफ्लोझिन १० ची भर पडली. आईवडिलांना शुगर नाही. दारू पीत नाही.

२) बाई, ५२ वर्षं, ६१ किलो. संधिवातासाठी रोज सकाळी प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) २० मिग्रॅ. उपाशीपोटी १०४, संध्याकाळी पाचला २९६.

३) बाई, ४४ वर्षं. शिरेतून घेतलेल्या रक्तावर उपाशीपोटी दोनदा १६८ आणि १७३, पण एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ५.६. त्या ५.६ वर ‘मधुमेह नाही’ असा शेरा मारून परत पाठवलंय.

जिल्ह्याला जाऊन येण्यात यांची दिवसाची मजुरी बुडते, त्यामुळे ‘सगळ्या तपासण्या करून या’ असं सांगता येत नाही. टाइप १ (शरीरात इन्सुलिन बनणंच थांबतं), टाइप २ (बनतं, पण पुरेसं लागू पडत नाही) की आणखी काही, हे ठरवायला नेमक्या कुठल्या तपासण्या लागतात आणि कुठल्या क्रमानं?

---

फिजिशियन_खानदेश

पहिल्या पेशंटची डापाग्लिफ्लोझिन आज बंद करायला लावा. ई-संजीवनीवरून (सरकारी टेलिमेडिसिन) वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला, पण उद्यावर टाकू नका. ही गोळी साखर लघवीतून बाहेर काढते आणि त्यासाठी तिला इन्सुलिन लागत नाही. म्हणजे शरीरात इन्सुलिनचा खडखडाट असला तरी मीटरवरचा आकडा उतरतो. सगळ्यांना वाटतं औषध लागू पडलं. आत मात्र चरबी जळून कीटोन साठत असतात. मग एक दिवस उलट्या, पोटदुखी आणि धाप घेऊन माणूस येतो, शुगर दिसते १९०, आणि कीटोअॅसिडोसिस (कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होणं) कुणाच्या मनातही येत नाही. गोळी थांबवल्यावरही परिणाम काही दिवस टिकतो. तोवर उलटी किंवा खोल, जोरजोरात श्वास दिसला की शुगर कितीही असो, रुग्णवाहिका बोलवा.

लघवीतले कीटोन आजच पट्टीवर बघा. ‘२+’ किंवा वर असेल तर थेट उपजिल्हा रुग्णालय. पट्टी बाटलीवर लिहिलेल्या सेकंदांनाच वाचायची. झाकण उघडं राहिलेल्या बाटलीतल्या पट्ट्यांवर विसंबू नका, दमटपणानं त्या बिघडतात. आणखी एक : ही पट्टी अॅसिटोअॅसिटेट हा कीटोन दाखवते, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा दुसरा कीटोन दाखवत नाही, आणि सुरुवातीला जास्त असतो तो हा दुसरा. त्यामुळे पट्टी फिकी आली तरी पेशंट आजारी दिसत असेल तर पेशंटवर विश्वास ठेवा.

आता प्रकाराबद्दल. वर्षात सात किलो वजन गेलं, बीएमआय १६.४, आणि दोन गोळ्या पुऱ्या मात्रेत चालू असताना शुगर २४६. या माणसाला इन्सुलिन लागणार आहे, प्रकाराचं नाव काहीही निघो. नाव ठरेपर्यंत इन्सुलिन अडवून ठेवणं ही सर्रास होणारी आणि महाग पडणारी चूक. उलट आधी इन्सुलिन देऊन पुढे गोळ्यांवर आणता येतं, त्यात काही बिघडत नाही.

तपासण्यांआधी त्याला दोन गोष्टी विचारा. लहानपणापासून अधूनमधून पोट दुखून पाठीत कळ जायची का? शौच तेलकट, तरंगणारी, पाण्यानं न निघणारी होते का? उत्तर काहीही आलं तरी स्वादुपिंडात खडे आहेत का ते बघायला ग्रामीण रुग्णालयात पोटाचा साधा एक्स-रे काढून घ्या. तो सगळ्यात स्वस्त, आणि तुमच्या भागात या वजनाच्या माणसात मी तो अँटिबॉडीच्याही आधी काढेन.

त्यानंतर जीएडी अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठल्याची खूण). बारीक, तरुण, वेगानं वजन घटणाऱ्या पेशंटमध्ये ती ठळक धन आली तर टाइप १ पक्का. पस्तिशी-चाळिशीतला माणूस सहा महिने, वर्षभर गोळ्यांवर तग धरून मग घसरतो, ज्याला काही जण ‘दीड’ म्हणतात, तोही याच कुळातला, फक्त चाल संथ. त्याला ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या देत राहू नये. जीएडी ऋण आली म्हणून टाइप १ सुटला असं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच टाइप १ पेशंटमध्ये ती सापडत नाही. उलट लठ्ठ, पन्नाशीच्या माणसात काठावरची धन आली तर घाईनं टाइप १ लिहू नका. निरोगी लोकांतही शंभरात एखाद्यात ती तशी सापडते.

सी-पेप्टाइड शेवटी. त्याबद्दल लॅबवाल्यांनी लिहावं, कारण अर्धे रिपोर्ट तिथेच बिघडतात.

---

सेंट्रिफ्यूज

लिहितो. सी-पेप्टाइड म्हणजे स्वादुपिंडानं स्वतः किती इन्सुलिन बनवलं याची पावती. बाहेरून टोचलेलं इन्सुलिन त्यात मोजलं जात नाही, म्हणून इन्सुलिन चालू असतानाही करता येतं.

उपाशीपोटी करायची गरज नाही. जेवल्यापासून पाच तासांच्या आत घ्या आणि त्याच वेळी त्याच सुईतून ग्लुकोजही घ्या. ग्लुकोजचा आकडा नसलेलं सी-पेप्टाइड वाचता येत नाही. शुगर ७० च्या खाली असेल तर स्वादुपिंड गप्पच बसणार, मग कमी आलेल्या आकड्याला अर्थ नाही. मूत्रपिंड निकामी असेल तर आकडा खोटा चढतो. आणि आठवडेच्या आठवडे शुगर ३०० च्या वर राहिली असेल तर पेशी थिजलेल्या असतात, आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. अशा वेळी शुगर आटोक्यात आल्यावर काही महिन्यांनी पुन्हा बघायचं.

नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये साधारण असं : ०.६ च्या खाली म्हणजे इन्सुलिनशिवाय गत्यंतर नाही, १.८ च्या वर म्हणजे स्वादुपिंडात भरपूर जीव आहे, मधलं सगळं धूसर. काही लॅब पिकोमोलमध्ये देतात, तिथे हेच आकडे २०० आणि ६०० होतात. युनिट न बघता वाचलेले रिपोर्ट भरपूर फिरतात. नवीन टाइप १ मध्ये पहिली एक-दोन वर्षं आकडा मधल्या पट्ट्यातही सापडतो, म्हणून सुरुवातीला एकट्या सी-पेप्टाइडवर टाइप १ खोडू नये.

नमुना सीरमचा असेल तर रक्त गोठल्यावर लगेच फिरवून थंड ठेवावा लागतो. गावातून दुपारच्या एसटीनं पाठवलेली नळी संध्याकाळी लॅबला पोचली तर तो आकडा टाकाऊ. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत तो दिवसभर टिकतो, पण तुमची लॅब ती घेते का हे आधी फोन करून विचारा. साध्या ग्लुकोजचंही तेच. करड्या झाकणाची फ्लोराइड नळी वापरा. लाल झाकणात रक्तपेशी ग्लुकोज खात राहतात, तासाला पाच ते सात टक्के उतरतो. १३० चा मधुमेही लॅबला पोचेपर्यंत १२० चा होतो. फ्लोराइडचाही पुरता परिणाम व्हायला तास-दोन तास जातात, त्यामुळे त्यातही फार उशीर नको.

आता तुमचा तिसरा पेशंट. एचबीए१सी ५.६ म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर ११४ (२८.७ गुणिले ए१सी, वजा ४६.७). आणि उपाशीपोटीच १७०! दोन्ही आकडे एका माणसाचे असू शकत नाहीत. तुमचा भाग सातपुड्याचा, म्हणून पहिला संशय सिकलसेल. तांबड्या पेशी १२० दिवस जगतात हे गृहीत धरून ए१सीचं गणित मांडलंय. सिकलसेलच्या रुग्णात त्या फार लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटा कमी येतो. थॅलेसेमिया, जी६पीडी या विकराच्या कमतरतेमुळे होणारी रक्तपेशींची फूट, नुकतंच चढवलेलं रक्त, या सगळ्यांत ए१सी असंच फसवतं. लोहाच्या कमतरतेत नेमकं उलट, खोटं चढतं. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी तुमच्याकडेच होते, ती करा, धन आली तर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी).

शेरा मात्र आत्ताच खोडा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, दोन वेगळ्या दिवशी : मधुमेह आहे. ए१सीला या निदानावर व्हेटो नाही.

---

वॉर्ड_नंबर_चार

दुसऱ्या बाईंबद्दल, थोडक्यात. हा स्टेरॉइडचा मधुमेह, आणि त्याची खूण तुमच्या दोन आकड्यांतच आहे. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा शुगरवरचा जोर दुपारपासून संध्याकाळपर्यंत चढतो आणि पहाटेपर्यंत ओसरतो. म्हणून उपाशीपोटीची तपासणी अशा लोकांना साफ चुकवते. यांची शुगर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी बघायची.

रात्रीची ग्लिमेपिराइड वाढवली तर संध्याकाळचे २९६ तसेच राहतील आणि पहाटे चारला बाई घामाघूम होऊन पडतील. गोळ्यांनी भागलं नाही तर सकाळी प्रेडनिसोलोनबरोबरच एनपीएच (मध्यम काळ टिकणारं) इन्सुलिन देतात, कारण दोघांचा चढ-उतार जुळतो. सूत्र असं की प्रेडनिसोलोनच्या दर १० मिग्रॅमागे ०.१ युनिट प्रति किलो, कमाल ०.४. इथे २० मिग्रॅ आणि ६१ किलो, म्हणजे १२ युनिट. वयस्कर किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टर त्याहून कमीवर सुरू करतील. प्रेडनिसोलोनचा डोस २० वरून १० वर आला की इन्सुलिनही त्याच प्रमाणात खाली यायला हवं. हे दोन बदल वेगवेगळ्या दवाखान्यांत होतात आणि एकमेकांना कळत नाहीत, तिथेच गोची होते. कार्डावर दोन्ही औषधं एकाच ओळीत लिहा.

शुगर वाढते म्हणून पेशंटनं स्वतःच प्रेडनिसोलोन एकदम सोडणं धोक्याचं, तेही सांगून ठेवा.

---

सातपुडा_उपकेंद्र

सगळ्यांचे आभार. पहिल्याची डापाग्लिफ्लोझिन त्याच दिवशी बंद झाली. कीटोन पट्टीवर नुसती छटा होती, तिसऱ्या दिवशी तीही नाही. इन्सुलिन ग्रामीण रुग्णालयातून सुरू झालं. जीएडी ऋण. सी-पेप्टाइड ०.८ नॅनोग्रॅम, त्या वेळची शुगर २७४. एक्स-रेमध्ये मणक्याच्या दोन्ही बाजूंना ओळीनं पांढरे ठिपके आहेत. पोटदुखी बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून, तिला घरचे ‘वायू’ म्हणत होते. शौच तेलकट.

तिसऱ्या बाईंची सोल्युबिलिटी धन, एचपीएलसीत एचबी-एस (सिकलसेलचं हिमोग्लोबिन) ७४ टक्के. निदान बदलून घेतलं.

दोन प्रश्न. हा बारीक माणूस म्हणजे हल्ली ऐकू येणारा ‘टाइप ५’ (कुपोषणाशी निगडित मधुमेह) का? आणि रजिस्टरमधल्या बाकीच्या बारीक लोकांचंही असंच तपासायचं का?

---

फिजिशियन_खानदेश

नाही, हा टाइप ५ नाही. स्वादुपिंडात खडे आहेत, याला फायब्रोकॅल्क्युलस पॅन्क्रिएटिक डायबेटिस म्हणतात. दारूशिवाय, तरुण वयात, उष्ण कटिबंधात होणाऱ्या जुनाट स्वादुपिंडदाहातून तो येतो. केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी अशा शेकडो पेशंटची नोंद केली होती. एकेकाळी टॅपिओकाला (साबुदाण्याचा कंद) दोष दिला जायचा. आता बऱ्याच जणांत एसपीआयएनके१ या जनुकातला बदल सापडतो, आणि तो टॅपिओका न खाणाऱ्यांतही असतो.

यात इन्सुलिनच्या पेशी हळूहळू मरतात पण थोड्या उरतात, म्हणून २४६ शुगर असूनही कीटोन सहसा होत नाहीत. तुमचं ०.८ त्याच्याशी जुळतं. गंमत अशी की ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या पेशीही मरतात. शुगर खाली गेली तर ती वर आणणारी शरीराची यंत्रणाच अपुरी. म्हणून या माणसाला हायपोचा (शुगर धोकादायक खाली जाण्याचा) धोका टाइप २ पेक्षा खूप जास्त. इन्सुलिन कमी मात्रेत सुरू करायचं (बेसल, म्हणजे दिवसभर संथ चालणारं, असेल तर ०.१ ते ०.२ युनिट प्रति किलो, म्हणजे ४३ किलोला ४ ते ८ युनिट), दर तीन-चार दिवसांनी आकडे बघून वाढवायचं, आणि जेवण चुकणार असेल तर जेवणाआधीचं इन्सुलिन टोचायचं नाही. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. इन्सुलिन सुरू झालं की ग्लिमेपिराइड राहिलीय का बघा, दोन्ही मिळून घात करतात.

अर्धा उपचार इन्सुलिनचा, अर्धा पचनाचा. स्वादुपिंडाच्या विकरांची कॅप्सूल मुख्य जेवणाला २५,००० ते ५०,००० लायपेज युनिट, पहिल्या घासाबरोबर आणि दोन घेत असेल तर दुसरी जेवणाच्या मध्यात. जेवण झाल्यावर घेतली तर अन्न पुढे निघून गेलेलं असतं. ती लागू पडली की अन्न अंगी लागतं, वजन वाढतं आणि शुगरही चढते. तेव्हा ‘ही कॅप्सूल शुगर वाढवते’ म्हणून बंद करू नका, इन्सुलिन वाढवून घ्या. अ, ड, ई, के जीवनसत्त्वं तपासायला किंवा निदान द्यायला सांगा. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या आणि वजन कमी करणारी इंजेक्शनं इथे नकोत. पुढे कधी पोटदुखीचा नमुना बदलला किंवा शुगर ठीक असून वजन घटू लागलं तर सोनोग्राफीवर न थांबता सीटी स्कॅन, कारण या पेशंटमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो.

---

कोपरखळी

टाइप ५ वर माझं मत थोडं वेगळं. नाव नवं आहे, आजार नाही. जमैकात १९५५ मध्ये असे बारीक, कीटोन न होणारे पेशंट वर्णन केले गेले. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये कुपोषणाशी निगडित मधुमेह म्हणून त्यांना वेगळी जागा दिली आणि १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून काढूनही टाकली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये न्यूयॉर्कच्या मेरेडिथ हॉकिन्स यांच्या गटाबरोबर झालेल्या अभ्यासानं २०२२ मध्ये दाखवलं की या लोकांत अडचण इन्सुलिनला दाद न देण्याची नसून ते कमी बनण्याची आहे. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं ‘टाइप ५’ हे नाव मान्य केलं.

पण उपकेंद्रावर हे लेबल चिकटवण्याची घाई नको. बीएमआय १८.५ च्या खाली, लहानपणापासून खाण्याची आबाळ, जीएडी ऋण, एक्स-रे आणि सोनोग्राफीत स्वादुपिंड स्वच्छ, कीटोन नाहीत, हे सगळं जमल्यावरच त्याचा विचार. क्षयरोगही आधी वगळा, वजन घटण्याचं ते आपल्याकडचं मोठं कारण आणि मधुमेहाबरोबर हमखास सापडणारं. खरा टाइप ५ असला तर नेहमीच्या हिशोबानं भरपूर इन्सुलिन दिल्यास, आणि घरात दोन वेळचं खाणं नसल्यास, हायपोनं माणूस जाऊ शकतो. तिथे थोडं इन्सुलिन आणि पुरेसं प्रथिनयुक्त अन्न, दोन्ही एकदम लागतं. ‘भात-भाकरी बंद’ हा टाइप २ चा सल्ला या माणसाला देणं म्हणजे अत्याचार आहे.

---

गुणसूत्र

बाकीच्या बारीक लोकांचं : सगळ्यांना तपासायला पाठवू नका. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यांतही टाइप २ च जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला फोटो बघा. बीएमआय दोघांचा २२.३. चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. काटा हे दाखवत नाही, कंबरेचा टेप दाखवतो : पुरुषात ९० आणि बाईत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, मानेवर काळी मखमली वळी असेल, तर हातपाय काटकुळे असूनही टाइप २ समजायला हरकत नाही.

दुसरा गट एका जनुकामुळे होणाऱ्या मधुमेहाचा, मोडी. पंचविशीच्या आत सुरू, लठ्ठपणा नाही, अँटिबॉडी नाहीत, काही वर्षांनीही सी-पेप्टाइड टिकून, आणि पिढीगणिक साधारण निम्म्या जणांना. ‘आमच्या घरात सगळ्यांनाच साखर’ एवढ्यावर मोडी म्हणू नये, आपल्याकडे तीन पिढ्यांचा टाइप २ घरोघरी आहे. पण सापडला तर फायदा मोठा. एचएनएफ१ए प्रकारात ग्लिक्लाझाइड २० ते ४० मिग्रॅ एवढ्याशा मात्रेत काम होतं, वर्षानुवर्षं टोचत असलेलं इन्सुलिनही कित्येकांचं सुटतं. जीसीके प्रकारात उपाशीपोटी आयुष्यभर १०० ते १४५ च्या आसपास, ए१सी साडेसातच्या फार वर जात नाही, आणि गरोदरपण सोडलं तर औषधच लागत नाही.

आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह निघाला तर तो टाइप १ लिहू नका. जनुकीय चाचणी झालीच पाहिजे. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींतल्या पोटॅशियम चॅनेलचा दोष निघाला तर अशी बहुतेक बाळं इन्सुलिनऐवजी ग्लिबेनक्लामाइड या गोळीवर जातात.

---

एएनएम_ताई

गरोदर बायांचं कुणी लिहिलं नाही. त्यांच्यासाठी ए१सीवर जाऊ नका, गरोदरपणात ते तसंही खाली येतं. सरकारी पद्धत सोपी आहे : पहिल्या भेटीत, जेवलेली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत पिऊन संपवायचं, सुरुवातीपासून दोन तासांनी शुगर. १४० किंवा वर आली की गरोदरपणातला मधुमेह. ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, दोन्हींत किमान चार आठवडे अंतर. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी नव्यानं, त्यानंतर झाली तर चाचणी तशीच पुढे न्यायची. पहिल्या तिमाहीतच उपाशीपोटी १२६ च्या वर निघाली तर तो आधीपासूनचा मधुमेह, त्या बाईला लगेच वर पाठवा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची चाचणी असते. ही सगळ्यात जास्त बुडते, म्हणून बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच तिला सकाळी उपाशी बोलवा.

आणि पहिल्या पेशंटच्या हातात कुठली सिरिंज आहे ते बघा. सरकारी कुपी ४० युनिट प्रति मिलीची असते, तिला लाल टोपीची सिरिंज. औषधाच्या दुकानातून नारिंगी टोपीची १०० ची आणली आणि तिच्यावर ८ ची रेघ भरली तर अंगात जातील ३ युनिट. १०० ची कुपी लाल टोपीनं भरली तर ८ चे २० होतील. रजिस्टरच्या शेऱ्यात प्रकार लिहाल तिथेच ‘कुपी ४०, लाल टोपी’ असंही लिहून ठेवा.